हात लावण्याआधी

आत्याच्या माजघरातल्या कोनाड्यात दोन फण्या असत. एक लाकडी, माणसांच्या डोक्यासाठी. दुसरी शिंगाची, कडेचे दात तुटलेली, ती मांजरांची. मे महिन्यात आम्ही मुंबईची भाचरं आंजर्ल्याला उतरलो की पहिल्याच दुपारी ओटीवर बसवून आमची डोकी तपासून व्हायची. ते झालं की आत्या फणी बदलायची आणि मांजराला हाक मारायची. मांजर आलं तर फणी फिरायची. नाही आलं तर ती पुन्हा कोनाड्यात. मांजराला धरून, दाबून, पायांत आवळून तिने विंचरलेलं मी कधी पाहिलं नाही.

मला माणसांनी पुष्कळ दिलं. शिक्षण दिलं, नोकरीला चिकटवलं, अडीअडचणीला पैसे दिले. त्यांतलं काही मी परतही करू शकले. पण दुसऱ्या जिवाच्या अंगाला हात कसा लावायचा हे मी दोघांकडून शिकले. एक आत्या, आणि दुसरे आंजर्ल्यातच सलून चालवणारे एक काका. त्यांचं देणं कुठल्या वहीत मांडता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आत्या अगदी तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतली होती. घर आगरातलं. पुढे अंगण, मागे नारळ-पोफळी, मधे विहीर, भोवती गडगा. वर डोंगरात कड्यावरचा गणपती, खाली समुद्र. त्या काळी जोगाच्या खाडीवर पूल नव्हता. हर्णैच्या बाजूला उतरून होडीने पलीकडे यायचं. आगरातल्या घरात भात, सुपारी, नारळ साठवलेले, म्हणजे उंदीर आलेच, आणि उंदरांपाठोपाठ मांजर. आत्याकडे मांजर शोभेला ठेवलेलं नव्हतं. ते कामाचं जनावर होतं, आणि कामाच्या जनावराची निगा राखायची असते हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. गाईला खरारा करायची, भाटीला, म्हणजे मांजरीला, फणी.

"ती स्वतःला आपल्यापेक्षा स्वच्छ ठेवत्ये गो. तिची जीभ पोचत नाही तेवढंच आपण करायचं," असं ती म्हणायची.

या वाक्यात किती तथ्य आहे ते मला फार उशिरा वाचायला मिळालं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या दोघांनी मांजराच्या जिभेचा अभ्यास प्रसिद्ध केला. मांजराची जीभ हाताला लागली तर खरखरीत का वाटते, तर तिच्यावर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. हे काटे टोकाशी पोकळ असतात, असं या दोघांनी दाखवून दिलं. तोंडातली लाळ त्या पोकळीत चढते आणि दाट केसांच्या मुळाशी, थेट कातडीपर्यंत पोचते. घरातल्या मांजरापासून वाघापर्यंत रचना हीच. म्हणजे मांजर चाटताना वरवरची धूळ तर काढतंच, शिवाय अंग मुळापासून धुतं. ती लाळ वाळताना अंगातली उष्णताही घेऊन जाते. मांजराला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, बाकी अंगाला नाही. जागेपणातला मोठा वेळ ते याच कामात असतं. मी हे सगळं आत्याला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग लोक साबण कशाला लावतात?"

निरोगी मांजराला आंघोळीची गरज क्वचितच पडते. आत्याकडे ती कुणालाच घातली नाही. काही सांडलं, माखलं, तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने तेवढाच भाग पुसायचा आणि पुरता कोरडा करायचा. पावसाळ्यात तर चुलीच्या उबेला बसवून, कारण कोकणातल्या त्या चार महिन्यांत ओले राहिलेले केस म्हणजे बुरशीला आमंत्रण. मांजराच्या अंगावर गोल चट्टा पडून केस गेले की ते गजकर्ण असू शकतं आणि ते घरातल्या पोरांच्या दंडावरही उठतं. आत्या त्या दिवसांत फणीसुद्धा उकळत्या पाण्यातून काढून उन्हात ठेवायची. ऊन नसेल तर वैलावर.

तिची पद्धत ठरलेली होती. आधी पालथी बोटं नाकासमोर धरायची. मांजराने गाल घासला तर पुढे. सुरुवात गालापासून, मग कानाचं बूड, मग हनुवटी. या जागा मांजराच्या जिभेला लागत नाहीत, पंजा ओला करून त्याला त्या पुसाव्या लागतात, त्यामुळे तिथे हात फिरला तर त्याला तो हवासा वाटतो. मग पाठ, केस ज्या बाजूला पडतात त्या बाजूला. पोटाला हात नाही. शेपटीचं टोक हललं, कान मागे वळले, पाठीची कातडी थरथरली, यांतलं काहीही दिसलं की फणी वर. "पुरे म्हणत्ये ती." मग अर्धी पाठ राहिली तरी चालेल, ती उद्या.

फणीत आलेलं ती ओल्या पांढऱ्या पंचावर झटकायची. काळे कण पडले आणि त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला की ती नुसती धूळ नाही. पिसवा मांजराचं रक्त पितात आणि त्यांची विष्ठा म्हणजे वाळलेलं रक्त. ते ओलं झालं की लाल उतरतं. आज पशुवैद्य ओल्या कापसावर हीच परीक्षा करायला सांगतात. पिसवा दिसल्या की त्या दिवशी गोधड्या, पोती, पेंढ्यावरचं कांबळं, सगळं अंगणात उन्हात पडायचं, कारण पिसवांची अंडी मांजराच्या अंगावरून गळून अंथरुणातच राहतात. चाटता चाटता पिसू पोटात गेली तर तिच्यातून पट्टकृमी जातो आणि मग शेपटीखाली कणीएवढे पांढरे तुकडे दिसू लागतात. आत्याला कृमीचं शास्त्र ठाऊक नव्हतं. "पिसवा झाल्या की जंत होतात" एवढं ठाऊक होतं.

गावातले लोक रॉकेलचा बोळा फिरवायला सांगत. कुणी करंजेल सांगे, कुणी फिनेलच्या पाण्याने पुसायला. आत्याने यांतलं काहीही मांजराला लावू दिलं नाही. तिचं कारण सरळ होतं. "जे अंगाला लावाल ते तिच्या पोटात जाणार." हे वाक्य मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घरात सांगितलं जायला हवं, असं मला कळकळीने वाटतं. फिनेलमधली फिनॉलसारखी द्रव्यं मोडून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात फार थोडी असते. फिनेलने पुसलेल्या ओल्या लादीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं आणि आजारी पडतं. कुत्र्याच्या गोचिडांवरची परमेथ्रिन असलेली औषधं कुत्र्याला सोसतात. तीच मांजराला लावली तर झटके येऊन ते मरू शकतं. कुत्र्याची उरलेली बाटली मांजरावर वापरणारी प्रेमळ माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यानंतरचा त्यांचा आकांतही.

आमच्या गावात मांजराच्या अंगावर काय येईल ते ऋतूवर ठरतं. वैशाखात फणसाचा चीक. फणस फोडताना मांजर मधे लुडबुडणार आणि पाठीला चीक लावून घेणार हे ठरलेलंच. पाण्याने तो सुटत नाही. खोबरेल तेल बोटांवर घेऊन हळूहळू चोळायचं, चीक सैल झाला की पुसून घ्यायचा, आणि तेलकटपणा राहिला तर त्यावर तांदळाचं पीठ दाबून फणीने काढून टाकायचं. भाद्रपदात आघाडा. त्याचे तुरे वाकडे वळतात आणि बिया केसांत उलट्या रुततात. गणपतीला पत्री म्हणून जो आघाडा आत्या कौतुकाने खुडायची, तोच संध्याकाळी मांजराच्या काखेतून एकेक बी करून काढत बसायची. पाऊस संपून सड्यावरचं गवत वाळलं की कुसळं. ही सगळ्यांत वाईट. बोटांच्या बेचक्यात शिरतात, कानात जातात, आणि एकदा कातडीत टोक गेलं की पुढेच सरकतात. दिवाळीच्या सुमारास आत्या रोज रात्री मांजराचे चारही पंजे दिव्याजवळ घेऊन बोटं फाकवून बघायची. माझ्या तळव्याला पंजाच्या गादीचा पहिला स्पर्श झाला तो अशा एका रात्री. तिने माझा हात आपल्या हाताखाली धरला होता आणि किती दाबायचं ते तिच्या बोटांनी माझ्या बोटांना सांगितलं.

आता सावरीबद्दल. आत्याच्या शेवटच्या मांजरीचं हे नाव. आई गावातलीच भाटी, पण बाप कुठल्यातरी बंगल्यातला पर्शियन बोका असणार, कारण हिचे केस लांब, मऊ आणि पांढरेशुभ्र होते. सावरीच्या कापसावरून नाव पडलं. असे केस आंजर्ल्याच्या आगरासाठी नाहीत. आखूड केसांच्या भाटीला फणी आठवड्यातून एकदा पुरे. हिला रोज लागायची. ती तरुण होती तोवर तिची जीभ आणि आत्याची फणी यांच्यात काम वाटलेलं होतं. पुढे दोघी म्हाताऱ्या झाल्या. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात, मान वळत नाही, दात दुखत असतील तर चाटवत नाही. पहिल्यांदा सुटते ती शेपटीजवळची पाठ. तिथले केस तेलकट, चिकट दिसायला लागले की समजायचं, हे म्हातारपण किंवा दुखणं आहे, आळस नव्हे.

२०२० च्या शिमग्याला मी आंजर्ल्याला गेले आणि टाळेबंदीने तिथेच राहिले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्याला ते धडकलं आणि दक्षिणेकडे आमच्या दापोली-मंडणगडपर्यंत त्याने आगरं झोपवली. ज्या पोफळींची नावं आत्याला माणसांसारखी पाठ होती त्या एका दुपारी गेल्या. कौलं उडाली, माळ्यावरची कित्येक वर्षांची काजळी पावसाच्या पाण्याबरोबर घरात उतरली. वीज गेली ती पुढे कित्येक दिवस आली नाही. सावरी भाताच्या कणगीमागे दडली होती. ती बाहेर आली तेव्हा काळी झाली होती, आणि तिने अंग चाटणं सोडलं होतं.

मांजर चाटायचं थांबलं की लांब केसांना वेळ लागत नाही. काखेत, मांड्यांमागे, पोटाखाली आधी गाठी झाल्या, मग त्या एकमेकींत मिसळून जटा झाल्या. जट म्हणजे नुसता दिसायला वाईट गुंता नसतो. प्रत्येक पावलाला ती कातडी ओढते. तिच्याखाली ओल राहते, कातडी सडते, आणि पावसाळ्यात माशी तिथे अंडी घालते. आमच्याकडे जखमेत अळ्या पडलेली वासरं सगळ्यांनी पाहिली आहेत. मोबाइलला रेंज आली त्या दिवशी एका पशुवैद्यांना फोन लागला. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की कात्री लावू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट उचलली की तिच्याबरोबर कातडीही वर येते, आणि कात्रीला केस कुठे संपले ते कळत नाही. मशीनने काढा, म्हणाले. विजेशिवाय मशीन कुठून चालणार?

सलूनवाले काका त्या दिवसांत घरोघर कौलं शाकारायला मदत करत हिंडत होते. त्यांचं दुकान मार्चपासून बंद. आमच्या छपरावरून खाली उतरले, पाणी प्यायले, आणि त्यांना सावरी दिसली. जवळ न जाता बराच वेळ ते तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ताई, माझ्याकडे वडिलांचं हाताचं मशीन आहे. बघू का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांची धोकटी आणली. तिच्यात ते जुनं मशीन होतं, दोन दांड्या दाबल्या की पाती सरकणारं. त्यांनी ते आधीच धुऊन, तेल घालून आणलं होतं. सावरीपासून दूर बसून नुसतंच दोन-चारदा दाबलं, की आवाज तिच्या कानावर पडावा. मग जमिनीवर ठेवून दिलं. ती आली, हुंगलं, परत गेली. "आज एवढंच," म्हणाले, पण ती पुन्हा आली आणि आत्याच्या मांडीला टेकून बसली, तेव्हा त्यांनी काखेतली एक जट काढली. एकच. आधी बारीक कंगवा जट आणि कातडी यांच्यामधून अलगद सरकवला, म्हणजे पातं पोचलं तरी कंगव्यापर्यंतच पोचेल. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणून धरली. मशीन केसांच्या मुळाशी आडवं टेकवून सावकाश दाबत गेले. विजेची पाती चालता चालता तापतात आणि कातडीला चटका देतात, हाताची तापत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. जट लोकरीच्या तुकड्यासारखी सुटून पडली. खालची कातडी लाल होती, पण शाबूत होती.

त्यानंतर ते दुपारचे येत राहिले. कधी दोन जटा निघत, कधी एक, कधी सावरीचं शेपूट हलायचं आणि काही न करता उठायचे. मी घाई करत नव्हते असं नाही, पावसाची भीती होती. ते म्हणत, "लहान पोराचं जावळ काढताना घाई करून चालतं का?" २८ जूनपासून सरकारने सलूनना फक्त केस कापायची परवानगी दिली आणि त्यांच्याकडे गर्दी झाली, तरी दुकान बंद करून ते संध्याकाळी येत. शेपटीखालचे केस त्यांनी आखूड केले, म्हणजे तिथे घाण अडकणार नाही. नखं कापायला मला शिकवलं. म्हातारं मांजर झाडाला नखं घासत नाही, ती वाढून वळतात आणि गादीत रुततात. पंजाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं. उजेडासमोर धरलं की आतली गुलाबी शीर दिसते. तिच्या बरंच अलीकडे, नुसतं टोक उडवायचं. माणसांचा नेलकटर चालतो. पैशांचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माईंच्या घरचं आहे. राहू दे."

सावरी त्यानंतर दीड पावसाळा जगली. तिने पुन्हा चाटायला सुरुवात केली ती पुढच्या पंजापासून, आणि ते पाहून आत्या रडली. नवरा गेल्यावर ती रडली असेल तेव्हा मी जन्मलेही नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे आत्याच अंथरुणाला खिळली. कंबरेपर्यंतचे तिचे पांढरे केस मी रोज तेल लावून सोडवत असे, पण सतत उशीला टेकून मानेवर एक गुंता घट्ट होत गेला, आणि तो दुखायला लागला. एका रात्री ती म्हणाली, "त्याला बोलाव." आणि मग, इतक्या वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिची आजी लाल आलवणातली विधवा होती. परसदारी तिच्यासमोर वस्तरा घेऊन माणूस बसायचा तेव्हा पोरांना आत कोंडत. आत्याने दाराच्या फटीतून एकदा पाहिलं होतं. "आजीला कुणी विचारलं नव्हतं," एवढंच ती दोनदा म्हणाली.

आंजर्ल्याहून मुरूड किती जवळ! धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून त्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याच्या तीन वर्षं आधी, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली होती आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवायचं ठरवलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आमच्या घरापर्यंत ती वेळेत पोचली नाही.

काका आले, खाटेवर न वाकता जमिनीवर बसले, म्हणजे आत्याला त्यांचं तोंड दिसेल. मशीन तिच्या हातात दिलं. "माई, किती काढू?" तिने बोटाने मानेवर खूण केली. "एवढेच. वरचे माझे मला हवेत." त्यांनी कंगवा मधे घातला आणि तेवढेच काढले. वरच्या केसांचा मी अंबाडा घातला. तो ती गेली तेव्हाही होता.

आता मी वर्षातले बरेच महिने आंजर्ल्याला असते. काकांच्या नातीने एक बोका पाळला आहे, वयस्कर, काळा, बसून राहणारा. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. नखातली शीर त्यांना दिसत नाही, काळ्या नखांत तर कुणालाच धड दिसत नाही, म्हणून तिथे फारच थोडं टोक काढावं लागतं. हे काम त्यांनी माझ्याकडे दिलं आहे. ते शेजारी बसतात, बोक्याच्या कानाच्या बुडाशी बोट फिरवतात आणि शेपूट हललं की मला थांबवतात. परवा पुढचे दोन पाय झाले. मागच्या दोन्हींसाठी शुक्रवारी जायचं आहे.